कंडक्टरचं हरीण

आमच्या धाकट्या दिरांना सगळं गाव कंडक्टर म्हणतं. बसची नोकरी सुटून जमाना झाला, पण नाव काही सुटलं नाही. नोकरी गेली ती चोरीमारीमुळे नव्हे. तेवढी छाती कुठे आहे? गेली ती तोंडामुळे. तिकीट फाडता फाडता हे उतारूंना गोष्टी सांगायचे. गोष्ट रंगली की घंटी मारायचं राहून जायचं आणि ड्रायव्हर बिचारा घंटीची वाट बघत गाडी हाकत राहायचा. एकदा तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी निघालेली लेक माहेर मागे टाकून नदीपलीकडे जाऊन उतरली. तिच्या बापाने तक्रार केली. साहेबांनी बोलावून विचारलं, "काही सांगायचंय का तुम्हाला?" ह्यांनी साहेबांनाही एक गोष्ट सांगितली. मग कायमचेच घरी आले.

मी त्यांची थोरली भावजय. ते मला वहिनी म्हणतात, मी त्यांना भावजी. माणूस वाईट नाही असं सगळे म्हणतात. मीही म्हणते, फक्त म्हणण्याआधी जरा थांबते.

बस सुटल्यावर त्यांनी घड्याळं दुरुस्त करायचं दुकान काढलं. लोकांची बंद घड्याळं तिथे जाऊन आणखी बंद पडली. मग कोंबड्या पाळल्या. त्या शेजारच्या मांजरानं खाल्ल्या. भावजी गावभर सांगत होते की लांडगा आला होता. एवढा, कमरेएवढा. ते मांजर पुढे बरीच वर्षं आमच्या कुंपणावर मिशा चाटत बसायचं, आणि त्याच्यासमोरच ही लांडग्याची गोष्ट चालायची.

घर चाललं ते धाकटीच्या हातांवर. धाकटी म्हणजे माझी जाऊ, भावजींची बायको. ती सूत रंगवते. हे काम आमच्या सासूबाईंचं. खरं तर थोरली म्हणून माझ्याकडे यायचं, पण निळीच्या पिंपाचं झाकण काढलं की मला मळमळायचं. सासूबाई म्हणाल्या, "तू आपली चूल बघ," आणि पिंपं धाकटीच्या हवाली केली. तेव्हापासून तिचे हात कोपरापर्यंत निळे. रंगवलेल्या सुताच्या लड्या वाहत्या पाण्यात खळबळून सुटा रंग काढावा लागतो, तो काढला नाही तर कापडाचा रंग नेसणाऱ्याच्या अंगाला लागतो. आणि साचलेल्या पाण्यात धुतलं तर सुटलेला रंग पुन्हा सुतावरच जाऊन बसतो, पट्टे पडतात, विणकर लड्या तोंडावर फेकतात. आमच्या नदीला अशी जागा एकच. वळणावर सपाट कातळ आहे, हातगाडी पार त्याच्यापर्यंत जाते, आणि पाणी खळाळतं. बाकी दोन्ही काठांना गुडघाभर चिखल. सासूबाई त्याच कातळावर धूत आल्या, धाकटीही तिथेच. इतक्या वर्षांचं निळं आणि तांबडं पाणी त्या दगडावरून वाहिलं. दगड काय कोरा राहील? खळग्याखळग्यात रंग मुरलाय, भेगांमध्ये बसलाय.

हे भावजींना माहीत नव्हतं म्हणाल तर तसं नाही. लहानपणी आईच्या मागे मागे ते त्याच कातळावर रांगले आहेत.

पुढे शहरातल्या माणसांना चालायची हौस आली. आम्ही सारा जन्म चाललो, पाय दुखले म्हणून बसची वाट पाहिली. ही माणसं गाडीत बसून येतात, गाडी सावलीत लावतात आणि उन्हात चालतात. पाठीवर पिशव्या, हातात काठ्या, त्यादेखील दोन दोन. नदीच्या खोऱ्यातून, चारपाच गावांतून, पडकं झडकं बघत जायचं. त्यांना वाट दाखवायला कुणीतरी हवं होतं. कामधंदा सोडून त्यांच्यामागे भटकायला रिकामा माणूस गावात एकच होता.

भावजींनी टोपी घेतली. बुटांना पॉलिश केलं. लोक त्यांना सर म्हणायला लागले. झालं, वारं भरलं.

वाटेवर एक मोडकी पाणचक्की लागते. माझे चुलतसासरे तिथे दळण दळायचे आणि पिठात हात मारायचे, म्हणून गिऱ्हाईक तुटलं आणि चक्की बंद पडली. भावजींनी तिचा केला टांकसाळीचा कारखाना. पुढे चुन्याची भट्टी आहे. तिचा झाला भुयारी कैदखाना. एका घराच्या माळ्यावर कबुतरांची खुराडी आहेत, तिथून म्हणे हेरांचे निरोप सुटायचे. गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीत राणी आंघोळ करायची. मी ती डोण पाहिली आहे. राणी त्यात मावायची तर चार तुकडे करून घालावी लागली असती.

हे सगळं मी चालवून घेतलं. मेलेल्या राणीच्या आंघोळीने कुणाचं काय अडतंय? ऐकणाऱ्यांना मजा, सांगणाऱ्याला मजा, आणि भावजी दिवसभर घराबाहेर, ही धाकटीला मजा.

पण एके दिवशी धाकटी सूत पोचवायला गेली होती आणि कातळ मोकळा होता. चालणाऱ्यांपैकी एका बाईने विचारलं, "सर, हे रंग कसले?"

ह्या माणसाला एवढंच सांगायचं होतं की माझी बायको इथे सूत धुते. पण बायकोच्या कामाची ह्यांना लाज. रंगारणीचा नवरा म्हटलं की टोपी जरा तिरकी होते. म्हणाले, "चित्रं आहेत ती. माणूस शेती शिकला नव्हता तेव्हाची. ते बघा हरीण. ती होडी. आणि ती भाला घेतलेली माणसं."

आणि लोकांना दिसलं हो हरीण! एकाला दिसलं, मग सगळ्यांना दिसलं. ढगात काय दिसत नाही? फोटो निघाले. फोटो कुठल्या कुठे गेले. मग जुन्या वस्तू जपणाऱ्या खात्याचा माणूस आला. त्याने भावजींना विचारून त्यांची जबानी घेतली, आणि भावजींनी त्याला हरणाशेजारी एक पिल्लूही दाखवलं.

महिनाभरात कातळाभोवती खुंट ठोकले गेले, दोरखंड बांधला गेला आणि पाटी लागली. हात लावू नये, कपडे धुऊ नयेत, आत पाय ठेवू नये. पुढे म्हणे लोखंडी कुंपण येणार. त्याआधी खात्याची मोठी बाई स्वतः सगळी वाट चालून बघणार आणि शिक्का मारणार.

धाकटी त्या दिवशी ओल्या लड्यांची गाडी तशीच परत घेऊन आली. अंगणातल्या टाकीत धुऊन बघितल्या. पट्टे पडले. विणकराने दुसरीकडून सूत आणलं. तिने हात पुसले आणि सरळ शहरात खात्याच्या कचेरीत गेली. मीही गेले तिच्याबरोबर. तिथल्या माणसाला तिने सांगितलं, "ते डाग आहेत. माझ्या रंगाचे. हे बघा हात."

तो वाईट नव्हता बोलायला. म्हणाला, "बाई, तुमचं खरं असेलही. पण गाईडची जबानी आहे, तेही त्याच गावचे. कुंपण घालू नका म्हणून बरेच जण येतात आमच्याकडे, गुरं चारायची असतात, धुणं धुवायचं असतं. ज्यांनी सांगितलं त्यांनीच ते आमच्या मॅडमसमोर मागे घ्यावं. मग विषय संपला."

"ते माझे मालक आहेत," धाकटी म्हणाली.

"मग तर सोपंच आहे!" तो म्हणाला. त्याचं लग्न झालेलं नसावं.

घरी आल्यावर धाकटीने भावजींसमोर जेवणाचं ताट ठेवलं आणि समोर बसली. मीही बसले. उठायचं मनात होतं, पण उठले नाही.

"अहो, त्या बाईंना सांगाल ना?"

"सांगतो ना. त्यात काय."

"काय सांगाल?"

"सांगतो म्हटलं ना. योग्य वेळ बघून विषय काढावा लागतो. एकदम कसं बोलणार? माझ्या शब्दाला वजन आहे तिथे."

"एक वाक्य आहे," धाकटी म्हणाली. "डाग आहेत, चित्रं नाहीत. एवढंच. पिंपात रंग काढून नवं सूत टाकलंय. ते सूत धुतलं गेलं नाही तर विणकर पुन्हा येणार नाही. मग काय खायचं? हरीण?"

भावजींनी घास गिळला. "लोक काय म्हणतील गं मला?"

"लांडग्याच्या वेळी काय म्हणाले?" मी विचारलं.

"वहिनी, तो लांडगाच होता!"

घ्या. अशा माणसाकडून वाक्य काढायचं होतं.

ज्या दिवशी मोठ्या बाई येणार, त्या सकाळी धाकटी मला म्हणाली, "अक्का, तुम्ही जा त्यांच्यासोबत. तुम्ही असलात की त्यांची जीभ जरा आवरते. मी लड्या घेऊन परस्पर नदीवर येते. आज काय ते होऊ दे. आज रंग थांबणार नाही." ओलं सूत तसंच सुकलं तर सुटा रंग जागेवर बसतो आणि सगळं फुकट जातं, हे मला मळमळत असलं तरी माहीत होतं.

मी छत्री घेतली आणि निघाले. मोठ्या बाई खरं तर लहानखुऱ्या होत्या. जाड काचांचा चष्मा, पायात साधे बूट. बरोबर दोन मदतनीस आणि नेहमीचे चालणारे दहाबारा जण. भावजींनी टोपी काढून नमस्कार केला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्या आमच्या वहिनी. ह्यांना चालायची फार आवड."

मला! गुडघे मला शिव्या देत होते.

पाणचक्कीपाशी थांबलो. मी छत्रीचं टोक त्यांच्या पोटरीला लावलं. भावजी खाकरले. "मॅडम, एक गोष्ट सांगायची राहिली आहे."

"बोला ना."

"ती म्हणजे..." त्यांनी माझ्याकडे बघितलं, चक्कीकडे बघितलं, "ह्या टांकसाळीतली नाणी अजून ह्या पाण्याखाली आहेत."

सगळे वाकून पाण्यात बघायला लागले. मी डोळे मिटून घेतले.

चुन्याच्या भट्टीपाशी पुन्हा तेच. "मॅडम, खरं सांगायचं तर," असं म्हणून सुरुवात केली. मला वाटलं, आलं बाई तोंडातून. तर म्हणाले, "खरं सांगायचं तर इथून एक कैदी पळाला होता." त्या कैद्याने मग भुयार खणलं, नदी पोहून पार केली आणि पलीकडच्या गावात घरजावई झाला. बाई हसत हसत ऐकत होत्या आणि डोणीपाशी येईपर्यंत त्या कैद्याला नातवंडंही झाली. मी मागून म्हटलं, "भावजी, वाट संपत आली."

"वहिनी, दमलात का?" सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाले. "बसा हवं तर इथे सावलीत. आम्ही येतो जाऊन."

असा बेरकी! मी म्हटलं, "नको. मला हरीण बघायचंय."

पुलावरून खाली वळलो तसा कातळ दिसला. दोरखंडाच्या अलीकडे हातगाडी उभी, तिच्यात ओल्या लड्यांचा ढीग, खाली निळं पाणी ठिबकतंय. आणि धाकटी गाडीचा दांडा धरून उभी. ऊन चढलं होतं. ती ओल्या फडक्याने लड्या झाकत होती, पण वरच्या लड्यांच्या कडा सुकायला लागल्या होत्या.

भावजींनी तिला बघितलं आणि चालता चालता त्यांचं बोलणं तुटलं. असं मी पहिल्यांदाच पाहिलं. मग तोंड फिरवून त्यांनी बाईंना कातळाच्या दुसऱ्या बाजूला नेलं.

बाई दोरखंडाखालून आत गेल्या, गुडघ्यावर बसल्या, चष्मा वर करून दगड जवळून बघायला लागल्या. "हेच का ते हरीण?"

"हो," भावजी म्हणाले. फार हळू म्हणाले.

"आणि पिल्लू?"

"ते... हो. इकडे."

"रंग फार ताजा वाटतो हो." बाईंनी बोट फिरवलं. "कसा टिकला असेल?"

आता ह्याहून सोपा प्रश्न कुणी विचारणार होतं का? उत्तर गाडीजवळ उभं होतं, त्याचे हात निळे होते. सगळे भावजींकडे बघत होते. भावजींनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली.

"मॅडम, एक रंगारीण होती," ते म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. पुन्हा गोष्ट!

"ती ह्या दगडावर सूत धुवायची. तिच्या आधी तिची सासू धुवायची. निळा रंग, तांबडा रंग. थंडीत पाणी चावायचं, तरी धुवायची. तिचा नवरा काही कामाचा नव्हता. नुसता बोलायचा."

"वा!" चालणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला. "हे मागच्या वेळी सांगितलं नव्हतंत सर."

"लोककथा आहे का ही?" मदतनिसाने विचारलं आणि लिहून घ्यायला पेन काढलं.

भावजींनी त्या पेनाकडे बघितलं. आयुष्यभर त्यांच्या शब्दाला कुणी पेन लावावं म्हणून हा माणूस आसुसलेला होता. आणि आता पेन लागलं तर त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी चिमटा काढला.

"कथा नाही," ते म्हणाले. "ती तिकडे उभी आहे. माझी बायको आहे. हे तिच्या धुण्याचे डाग आहेत. हरीण बिरीण काही नाही. मी थाप मारली."

मग लोक हसले. एक जण टाळी वाजवून म्हणाला, "सर, तुमचं सांगणं म्हणजे अगदी नाटक बघितल्यासारखं!" चालणाऱ्यांतल्या एक बाई धाकटीचा फोटो काढायला धावल्या. कुणाला पटलंच नाही. ह्या माणसाने जन्मात एक खरं वाक्य बोलावं आणि तेच लोकांनी थापेत जमा करावं! दुसरं कुणी असतं तर मला कीव आली असती.

भावजींनी पुन्हा सांगितलं, "अहो, खरंच." लोक आणखी हसले.

मग ते दोरखंडापाशी गेले. गाठ सुटेना. ह्यांच्या हातून कधी काही सुटलंय? शेवटी खुंटच उपटला. गाडीतून लड्यांचा एक भारा उचलला, तो छातीशी धरून, पॉलिशच्या बुटांसकट, सरळ पाण्यात उतरले. लड्या खळबळायला लागले. इतकं वाईट खळबळणं मी पाहिलेलं नाही. लड्या गुंतल्या, अर्ध्या प्रवाहात लोंबायला लागल्या, सदरा निळा झाला, टोपी वाहून पुलाकडे निघाली. पण रंग सुटला. पाणी निळं झालं आणि कातळावरून पसरत गेलं, हरणाच्या पाठीवरून, पिल्लावरून, होडीवरून. जिथे गेलं तिथल्या खळग्यात साचून राहिलं. जुन्या डागावर नवा डाग. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हरणाला पाचवा पाय फुटला.

हसणं बंद झालं.

बाई उठल्या, गुडघे झटकले. "हे आधी का नाही सांगितलंत?" त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागला असणार. "मला ताजा वाटत होताच. पण इथे रंगकाम चालतं हे माझ्यापर्यंत कुणी पोचवलं नव्हतं. आमची माणसं इथे महिनाभर येत होती."

भावजी कमरेएवढ्या पाण्यात उभे.

धाकटी आत आली. तिने त्यांच्या हातातल्या लड्या काढून घेतल्या, म्हणजे ओढूनच घेतल्या. "सोडा. गाठी मारून ठेवल्यात सगळ्या," म्हणाली आणि स्वतः धुवायला बसली. सुकलेल्या कडांच्या थोड्या लड्या वाया गेल्या. बाकीचं सूत वाचलं.

त्याच आठवड्यात पाटी निघाली, खुंट निघाले. चालणाऱ्यांच्या मंडळाने भावजींना कळवलं की आता त्यांनी येऊ नये. पाणचक्की, भट्टी, डोण, सगळ्यांचीच चौकशी झाली आणि सगळ्यांचंच जे व्हायचं ते झालं. हल्ली एक गोरागोमटा तरुण माणूस त्या वाटेने लोकांना नेतो. तो खरं तेवढंच सांगतो. लोक जांभया देतात.

गावात आता काही जण म्हणतात, काही म्हणा, कंडक्टरने हिंमत केली. कसली हिंमत? स्वतः सांडलं आणि स्वतः पुसलं, तेही निम्मं अंगावर घेऊन. बायकोचं काम दगडावर लिहिलेलं होतं, ते त्यांना वाचता येत होतं आणि तरी त्यांनी त्याचं हरीण केलं. एक वाक्य बोलायला त्यांनी चार गावं पार केली. ह्याला हिंमत म्हणायचं तर धाकटीच्या हातांना काय म्हणाल?

त्यानंतर भावजी बोलायचे थांबले. अगदीच. जेवायला बसले तर मीठ कमी आहे हेदेखील सांगेनात. पारावर गेले नाहीत, दाढी करायला गेले तरी न्हाव्याशी बोलले नाहीत. न्हावी मला येऊन विचारून गेला, "आजारी आहेत का?" मला वाटलं, बरं झालं, कानांना सुट्टी. पण धाकटी एक दिवस म्हणाली, "अक्का, घर खायला उठतंय हो."

"मग तू बोल," मी म्हटलं.

"मला कुठे येतं बोलायला?"

दुसऱ्या दिवशी मी नदीवर गेले होते, सहज. धाकटी लड्या धूत होती. भावजींनी गाडी ओढून आणली होती आणि ते काठावर पाय पोटाशी घेऊन बसले होते. सुताला हात लावायची त्यांना बंदी होती. एक लडी पिळून झाली. मग धाकटी मान वर न करता म्हणाली, "बोला की काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. हात जड झालेत माझे. फक्त दगडाबद्दल नको."

भावजींनी इकडेतिकडे बघितलं. मला बघितलं, तसे जरा बिचकले. मग गळा साफ केला आणि म्हणाले, "तुला सांगतो, त्या लांडग्याला ना, एक कान नव्हता."

मी छत्री उघडली आणि घरी निघाले. मला हे ऐकवत नाही. मागून धाकटीचा आवाज आला, "कुठला कान? डावा का उजवा?"